मुरणं आणि आंबणं: लोणच्यावर सिनॉप्सिस लिहिण्याआधी

‘विदर्भातील पारंपरिक लोणच्यांमधील प्रोबायोटिक जिवाणूंचा अभ्यास.’

सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा अन्नशास्त्र घेतलेली मुलं पेट पास होऊन विषय शोधायला लागली की या धाटणीचं एखादं शीर्षक हमखास पुढे येतं. कारणंही समजण्यासारखी आहेत. विषय घरचा आहे. नमुने फुकट मिळतात. लागणारी उपकरणं बहुतेक विभागांत असतात. आणि ‘पारंपरिक’ हा शब्द दिसला की ऐकणाराही जरा मऊ होतो. म्हणून आज मी कुठल्या एका शोधनिबंधाची नाही, तर या शीर्षकाचीच समीक्षा करणार आहे. त्यात वजनदार शब्द तीन आहेत: लोणचं, प्रोबायोटिक आणि पारंपरिक. तिन्ही आपण गृहीत धरतो आणि तिन्ही तपासायला हवेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. घरातली मराठी लोणच्याबद्दल बोलताना एक फरक फार काळजीपूर्वक पाळते. आपण प्रयोगशाळेत शिरलो की तो फरक बाहेर चपलांजवळ ठेवून येतो. त्यामुळे प्रयोगच चुकीच्या दिशेनं आखला जातो.

लोणचं आंबत नाही, मुरतं

तुमच्या घरी कुणाच्या तोंडून ‘लोणचं आंबलं’ हे वाक्य कोणत्या सुरात आलं होतं, ते आठवा. ती तक्रार असते. भात आंबला, वरण आंबलं, तसंच लोणचं आंबलं, म्हणजे बिघडलं. इडलीचं पीठ मात्र आंबायलाच हवं. ज्वारीच्या आंबिलीच्या तर नावातच आंबटपणा आहे. पण लोणच्याचं कौतुक करायचं असेल तर आपण म्हणतो, ‘छान मुरलंय.’

आता ‘मुरणं’ हे क्रियापद आणखी कुठे कुठे येतं ते बघा. पाणी जमिनीत मुरतं. ताप अंगात मुरतो. मसाला भाजीत मुरतो. एखादा माणूस राजकारणात मुरलेला असतो. सगळीकडे कल्पना एकच: बाहेरची गोष्ट हळूहळू आत जाते आणि तिथलीच होऊन जाते. विज्ञानाच्या भाषेत याच्या सर्वांत जवळचा शब्द आहे विसरण, म्हणजे डिफ्यूजन. ‘आंबणं’ याच्या उलट आहे. तिथे पदार्थ आतून बदलतो, त्याचं दुसरंच काही तरी होतं. ती अभिक्रिया आहे. पाठ्यपुस्तकात तिला आपण किण्वन म्हणतो.

मी बुटीबोरीत राहते. एमआयडीसीमुळे इथे एकाच इमारतीत वर्धा-चंद्रपूरकडची, तेलंगणातली आणि बिहारमधली अशी कुटुंबं शेजारी-शेजारी असतात. मे महिन्यात गच्चीवर बरण्या एकत्र असतात, शब्द मात्र वेगवेगळे. आपलं लोणचं ‘लवण’वरून आलं, म्हणजे मिठावरून. तेलुगूत लोणच्याला ‘ऊरगाय’ म्हणतात आणि त्यातल्या ‘ऊरु’ या धातूचा अर्थ मुरणं, झिरपणं. एका भाषेनं नाव घेतलं ते मिठाचं, दुसरीनं मुरण्याचं. आंबण्याचं नाव दोघींनीही घेतलं नाही.

पण इथेच एक इशारा. व्युत्पत्ती हा पुरावा नसतो. ‘लोणी’सुद्धा ‘लोण’सारखंच ऐकू येतं, पण ते नवनीतावरून आलंय, मिठाचा संबंध नाही. ‘मुरांबा’ ऐकून वाटतं की मुरलेला आंबा. प्रत्यक्षात तो अरबी-फारसी ‘मुरब्बा’ आहे आणि मराठीनं त्याला गुळांबा, साखरांब्याच्या पंगतीत बसवून घेतलंय. तेव्हा घरातला शब्द म्हणजे निष्कर्ष नव्हे. तो एक चांगला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बरणीत शोधायचं असतं.

बरणीत नेमकं काय होतं

आकडेमोड करू. एक किलो कैरीच्या फोडींना २०० ग्रॅम मीठ, हे काही अतिरेकी प्रमाण नाही. कैरीत साधारण ८५ टक्के पाणी धरलं तर पाणी झालं ८५० ग्रॅम. सगळं मीठ त्यात विरघळलं तर १०५० ग्रॅम द्रावणात मीठ सुमारे १९ टक्के. अशा द्रावणाची वॉटर ॲक्टिव्हिटी, म्हणजे सूक्ष्मजीवांना वापरता येईल अशा पाण्याचं माप, ०.८५च्या आसपास येते. शुद्ध पाण्यासाठी हे माप १ असतं. बहुतेक जिवाणू ०.९०च्या खाली वाढत नाहीत. मिठाला दाद न देणारा म्हणून प्रसिद्ध असलेला स्टॅफिलोकॉकस ऑरियससुद्धा ०.८६च्या आसपास थांबतो.

आता कोबी आंबवण्याची पद्धत शेजारी ठेवा. तिथे मीठ असतं कोबीच्या वजनाच्या २ ते २.५ टक्के, आणि वॉटर ॲक्टिव्हिटी ०.९८च्या वर. तिथे ल्युकोनॉस्टॉक आधी काम सुरू करतो, आम्ल वाढलं की प्लँटॅरम पुढचं सांभाळतो आणि तयार होणारं लॅक्टिक आम्ल पदार्थ टिकवतं. म्हणजे कोबीत मीठ हे जिवाणूंची निवड करणारं आहे. आपल्या लोणच्यात ते बहुतेकांना दार बंद करणारं आहे. दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द आहे, म्हणून दोन्हींवरचे निबंध एकाच शोधात सापडतात आणि एकाच साहित्य आढाव्यात शेजारी येऊन बसतात.

मग १९ टक्क्यांच्या मिठात काहीच जगत नाही का? तसं नाही. सोया सॉसच्या खारात १८ टक्क्यांच्या आसपास मीठ असूनही टेट्राजेनोकॉकस हॅलोफिलस हा मीठप्रेमी जिवाणू वाढतो. शिवाय मीठ फोडीच्या गाभ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तोवर आत आणि बाहेर दोन वेगळी जगं असतात. विसरणाचा नियम असा की जाडी दुप्पट झाली तर वेळ साधारण चौपट. ‘फोडी फार मोठ्या करू नका’ या सूचनेमागे हे गणित आहे. म्हणून ‘लोणच्यात किण्वन होतच नाही’ असंही मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणते की ते होतं हे आधी सिद्ध करावं लागेल. शीर्षकात गृहीत धरून चालणार नाही.

सामू ३ आला, म्हणून काय झालं?

या विषयावरच्या कामात दोन पुरावे वारंवार दिले जातात. दोन्ही जपून वाचा.

पहिला: लोणच्याचा सामू, म्हणजे पीएच, ३च्या आसपास आला, म्हणून लॅक्टिक किण्वन झालं. अहो, कच्ची कैरी मुळातच तेवढी आंबट असते! लिंबाचा रस तर त्याहून खाली जातो. ते आम्ल मुख्यतः सायट्रिक आहे आणि झाडानं बनवलंय. तुम्ही पहिल्या दिवसाचा सामू घेतला नसेल, तर तिसाव्या दिवसाच्या सामूला काहीच अर्थ नाही. एकूण आम्लता मोजूनही भागत नाही. एचपीएलसीवर लॅक्टिक आम्ल वेगळं मोजा आणि ते दिवसागणिक वाढतंय का ते बघा.

दुसरा: लोणच्याचा नमुना एमआरएस माध्यमावर टाकला आणि वसाहती आल्या. हे माध्यम १९६० साली लॅक्टोबॅसिलाय वाढवण्यासाठीच तयार केलेलं आहे. त्यात बरणीतलं मीठ नाही, मोहरी नाही, आम्लही तेवढं नाही. बरणीत निपचित पडलेला, सालीवरून आलेला जिवाणू तुमच्या प्लेटवर अंथरूण-पांघरूण मिळाल्यासारखा उठून बसतो. प्लेट एवढंच सांगते की तो तिथे होता. तो तिथे काम करत होता, हे ती सांगत नाही. त्यासाठी त्याच प्रमाणात मीठ घातलेल्या माध्यमावर तो वाढतो का, हे पाहायला हवं, आणि बरणीतली त्याची संख्या दिवसांनुसार वाढते की घटते, हेही.

प्रोबायोटिक शब्दाचं तर आणखी कडक आहे. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञ गटानं २००१ साली केलेली व्याख्या तीन अटी घालते: सूक्ष्मजीव जिवंत हवा, पुरेशा संख्येनं पोटात जायला हवा आणि त्यानं आरोग्याला फायदा झाल्याचं दिसायला हवं. ‘सापडला’ ही त्यातली एकही अट नाही. जेवणात लोणचं आपण किती घेतो? एक-दोन फोडी.

जाता जाता आणखी एक गोष्ट, नोंदीसाठी. २०२० साली लॅक्टोबॅसिलस ही प्रजाती फोडून तिच्या २५ प्रजाती करण्यात आल्या. जुना लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम आता लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटॅरम आहे. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये सगळी जुनीच नावं असली, तर आढावा कुठून उतरवलाय हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

बेलारूसमध्ये कोबी, बुटीबोरीत कैरी

हा भाषेचा फरक फक्त आपलाच नाही. बेलारूससारख्या देशात भाज्या घरोघरी टिकवल्या जातात आणि बेलारूसी भाषेत त्यासाठी वेगवेगळी क्रियापदं आहेत. ‘क्वासित्स’ म्हणजे आंबवणं, ‘सालित्स’ म्हणजे खारवणं आणि ‘मारिनावात्स’ म्हणजे व्हिनेगरच्या आम्लात घालणं. आंबवलेल्या कोबीला ते ‘क्वाशानाया कापुस्ता’ म्हणतात. प्रक्रिया नावातच आहे.

पण मग ते आंबवतात आणि आपण मुरवतो, हे का? याचं उत्तर संस्कृतीआधी थर्मामीटरमध्ये शोधा. त्यांचा कोबी शरद ऋतूत येतो, थंडी तोंडावर असते, आणि कोबी नीट आंबायला १८ अंशांच्या आसपासचं तापमान चांगलं मानतात. आपली कैरी येते एप्रिल-मेमध्ये, जेव्हा नागपुरात पारा ४५च्या घरात असतो. त्या उष्णतेत २ टक्के मिठातली भाजी लॅक्टिक जिवाणू सावकाश ताब्यात घेतील, याची खात्री कोण देणार? जास्त मीठ, फळाचं स्वतःचं आम्ल, वर तेलाचा थर आणि कडक ऊन, हा आपल्या हवामानाला साजेसा दुसरा मार्ग आहे. दोन्ही मार्ग हुशारीचे आहेत, पण ते दोन आहेत.

विदर्भात किण्वन शोधायचंच असेल तर बरणीशेजारच्या पातेल्यात बघा. कुरड्यांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून चीक काढतात. तिसऱ्या दिवशी त्या पातेल्यावरचं झाकण काढलं की येणारा आंबूस वास हाच तुमचा विषय आहे. मीठ नाही, तेल नाही, उकाडा भरपूर. पण कुरडी ‘वाळवण’ या खात्यात जाते, म्हणून किण्वनाच्या यादीत तिची आठवण क्वचितच होते.

पारंपरिक म्हणजे कुणाचं?

आता तिसरा शब्द. लोणच्याची ‘पारंपरिक कृती’ आपण आणतो कुठून? बहुतेक वेळा पुस्तकातून. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि मराठी घरांत ठाण मांडून बसलं. त्याचं एक मोठं कारण म्हणजे वाटी-चमच्याची मापं. स्वयंपाकासाठी ती उत्तमच, कारण वाटी हे गुणोत्तराचं माप आहे. घरात वाटी एकच असली की प्रमाण सांभाळलं जातं. पण प्रयोगासाठी वाटी धोकादायक. बारीक मिठाची वाटी आणि जाड्या मिठाची वाटी यांचं वजन एक नसतं, आणि फोडींच्या वाटीत तर हवाच किती तरी असते. वाटीवरून टक्केवारी काढलेली दिसली, की त्या निबंधातले पुढचे आकडे मी पेन्सिलीनं खूण करून वाचते.

दुसरी अडचण मापाची नाही, माणसांची आहे. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) वाचल्याशिवाय ‘पारंपरिक’ हा शब्द सिनॉप्सिसमध्ये लिहू नका, असं मी आग्रहानं सांगेन. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या अन्नाबद्दलचं हे पुस्तक आहे. नावातच एका प्रसिद्ध वचनाला दिलेलं उत्तर आहे. वर्षभराचं लोणचं घालायला तेल लागतं, मसाला लागतो, बरणी ठेवायला कोरडी जागा लागते. म्हणजे हातात थोडी शिल्लक लागते. जिथे ती नव्हती तिथेही अन्न टिकवलं जात होतं. मांसाचे तुकडे वाळवून केलेल्या चान्या हे त्याचंच उदाहरण. पाण्याचा अंश कमी करून सूक्ष्मजीव रोखणं, हे शास्त्र चान्यांत आणि लोणच्यात सारखंच आहे. मग एक ‘वारसा’ आणि दुसरं अनुल्लेखित, हे शास्त्रानं ठरवलेलं नाही.

लोणच्याभोवतीच्या भाषेत आणखी एक भाग आहे, तो कौतुकाच्या लेखांत गाळला जातो. ‘बाहेर बसलेल्या’ बाईनं बरणीला हात लावायचा नाही, लोणचं नासतं. ‘आजीचं विज्ञान’ म्हणून सगळंच डोक्यावर घ्यायचं ठरवलं तर हेही घ्यावं लागेल. १९२० साली बेला शिक या नावाजलेल्या डॉक्टरांनी पाळीच्या काळात बाईच्या शरीरातून फुलं कोमेजवणारं ‘मेनोटॉक्सिन’ बाहेर पडतं, अशी कल्पना मांडली होती. ती टिकली नाही. नावाजलेल्या माणसानं पांढऱ्या कोटात म्हटलं तरी पूर्वग्रह हा पूर्वग्रहच राहतो.

उलट ‘ओला चमचा घालू नको’ हा नियम घ्या. पाण्याच्या थेंबानं त्या जागी मीठ विरळ होतं, वॉटर ॲक्टिव्हिटी वाढते आणि बुरशीला पाय ठेवायला जागा मिळते. हे तपासता येतं. ‘फोडणी गार करून घाला’ हेही तपासता येतं: मोहरीचा तिखटपणा मायरोसिनेज या विकरामुळे तयार होतो आणि कडकडीत तेलात विकर निकामी होतं. मोहरी पाण्यात फेसली की ती नाकात चढते, ती याच विकरामुळे. हे सगळे नियम एकाच घरातून, एकाच आवाजात आपल्यापर्यंत आलेत. त्यातलं ज्ञान कोणतं आणि हुकूम कोणता, हे वेगळं काढणं हेच आपलं काम आहे. सगळ्यालाच हसणं किंवा सगळ्यालाच नमस्कार करणं, दोन्ही सोपं आहे.

एवढा काथ्याकूट कशासाठी?

कारण शब्द चुकला की माणूस आजारी पडू शकतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं सांगते. ते बरोबरच आहे. त्यामुळे ‘कमी मिठाचं आरोग्यदायी लोणचं’ हे पुढचं आकर्षक शीर्षक असतं. आता बघा: लोणचं जिवाणूंमुळे टिकतं अशी तुमची समजूत असेल, तर मीठ कमी करताना तुम्हाला भीती वाटणार नाही. जिवाणू आहेत ना, ते बघून घेतील! पण ते मीठ आणि आम्लामुळे टिकत असेल, तर तुम्ही आधाराचा खांबच काढताय.

कैरी-लिंबाचं एक वेळ निभावेल, त्यांचं आम्ल त्यांना सांभाळतं. लसूण, गाजर, हिरवी मिरची यांचं काय? तेलाचा थर हवा अडवतो आणि बुरशी रोखतो, पण क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमला हवा नकोच असते. त्याला रोखायला सामू ४.६च्या खाली हवा किंवा भरपूर मीठ हवं. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये १९८५ साली तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणातून बॉट्युलिझमची साथ पसरली होती. लसणाच्या लोणच्यात लिंबू पिळतात ते फक्त चवीसाठी नाही.

मग सिनॉप्सिस कसा लिहायचा?

विषय सोडू नका, शीर्षक बदला. ‘प्रोबायोटिक जिवाणूंचा अभ्यास’ याऐवजी ‘कैरीच्या लोणच्यात साठवणुकीच्या काळात लॅक्टिक किण्वन होतं का?’ असं विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तरी प्रबंध उभा राहील; पहिल्या शीर्षकात तो कोसळतो.

नमुना घेताना मीठ वजनानं नोंदवा आणि पाण्याच्या हिशेबात टक्केवारी काढा. शून्याव्या दिवसाचा नमुना चुकवू नका. खार आणि फोडीचा गाभा वेगवेगळा तपासा. जिवाणूंना वाव मिळणार नाही अशी एक बरणी नियंत्रण म्हणून ठेवा. शेजारी कुरड्यांच्या गव्हाचं पाणी तपासा, म्हणजे तुमची पद्धत खरं किण्वन ओळखू शकते की नाही, हे आधी कळेल.

आणि नमुन्याच्या वहीत एक जास्तीचा रकाना आखा: ‘घरातला शब्द’. मुरलं, आंबलं, खार सुटला, नासलं, बुरशी आली. ज्या बाईनं बरणी दिली तिनं त्या दिवशी जो शब्द वापरला तो जसाच्या तसा लिहा. सहा महिन्यांनी सामूचे आणि वसाहतींचे आकडे त्या रकान्याशेजारी ठेवून बघा. ती ‘मुरलं’ म्हणत होती आणि लॅक्टिक आम्ल वाढलेलं नाही, ती ‘आंबलं’ म्हणाली आणि ते वाढलं, असं जुळत असेल, तर तिला तुमच्या उपकरणाइतकंच समजत होतं. जुळत नसेल, तर तोही निष्कर्षच आहे, आणि तो छापण्यासारखा आहे.